कार्यक्रम नको, वाचून दाखवाल का?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी ५६ वर्षांची आहे. नुकतीच नोकरीतून मोकळी झाले. कॉलेजात असल्यापासून नाटकात कामं केली, पुढे संसार आणि नोकरी सांभाळून अभिवाचनाचे कार्यक्रम करत राहिले. आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. आता हाताशी वेळ आहे, तर या कलेचा कुणाला उपयोग व्हावा म्हणून एका वृद्धाश्रमात दर आठवड्याला विनामूल्य अभिवाचन सुरू केलं. पहिल्या वेळी टाळ्या पडल्या. पुढे मात्र लोक मधूनच उठून जाऊ लागले, काही जण तर चक्क डुलक्या घ्यायचे. शेवटी तिथल्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, 'कार्यक्रम करणारे बरेच येतात हो. त्यापेक्षा आमच्या आजी-आजोबांना त्यांची पत्रं, कागदपत्रं वाचून दाखवाल का?' फार लागलं मला ते. इतकी वर्षं कला जोपासली आणि आता काय, तर बिलं वाचायची! भाची म्हणते, अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड कर. पण तिथेही म्हणे 'अभिनय नको, सरळ वाचा' असंच सांगतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, हौस ती हौस आणि सेवा ती सेवा, सरमिसळ केलीस तर दोन्ही हातची जातील. मी काय करू? की माझा अहंकारच आडवा येतोय?"

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, थोडा येतोय. पण रंगमंचावर उभं राहायला तो थोडा लागतोच, त्याशिवाय कोण चार लोकांसमोर तोंड उघडेल? तेव्हा त्यावरून स्वतःला फार टोचून घेऊ नका. तुमचं दुखणं मला वेगळं दिसतं. तुम्ही काय देणार ते तुम्ही घरूनच ठरवून गेलात. समोरच्याने जे मागितलं ते तुमच्या यादीत नव्हतं, म्हणून ते हलकं वाटलं.

आधी त्या उठून जाणाऱ्यांविषयी बोलू, कारण तो घाव ताजा आहे. वय वाढतं तसे कान वरच्या पट्टीतले आवाज आधी गमावतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं पुसट होतात. स, श, त, फ ही त्यातली पहिली. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे समजतं, पण काय बोलतंय ते लागत नाही. त्यात खोली मोठी असली की आवाज घुमतो. कानातलं यंत्र तुमच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि खुर्च्या सरकवल्याचा आवाजही मोठा करतं. अशा ठिकाणी तुम्ही नायिकेचा हुंदका दाबत आवाज खाली आणलात, की मागच्या रांगेपुरती ती ओळ गेली. अशा दहा ओळी गेल्या की गोष्ट गेली. मग माणूस एक तर झोपतो, नाहीतर उठतो. आणि ज्यांना तासभर एका जागी बसवत नाही, ज्यांना मध्येच बाथरूमला जावं लागतं, त्यांचं उठणं तुम्ही स्वतःवर ओढवून घेऊच नका. तुमचं वाचन वाईट होतं असा निकाल त्यावरून काढता येत नाही. ते त्या खोलीसाठी बसवलेलं नव्हतं, एवढंच म्हणता येईल.

आता त्या व्यवस्थापकबाई. मला त्या आवडल्या. बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाला कुणी स्पष्ट बोलत नाही. फुकट आलेल्या माणसाला कसं दुखवायचं, म्हणून भिडेखातर सगळे टाळ्या वाजवत राहतात. या बाईंनी तुम्हाला नेमकी गरज सांगितली. ती तशी कळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

ती कळली नाही तर काय होतं याचा एक मोठा नमुना २०२० च्या जानेवारीत दिसला. ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते आणि आई गमावलेल्या कांगारूच्या पिल्लांसाठी कापडी पिशव्या हव्यात, असं आवाहन झालं. जगभरातल्या शिवणकाम-विणकाम करणाऱ्यांनी सुया उचलल्या. काही आठवड्यांतच इतका माल जमला की आयोजकांना हात जोडून सांगावं लागलं, आता शिवणं थांबवा. गरज खरी होती आणि शिवणाऱ्यांचा हेतूही निर्मळ होता. फक्त किती पुरे, हे बघायला घरी बसून शिवणाऱ्याला जागाच नव्हती. तुम्हाला तर समोर उभं राहून सांगितलं गेलंय.

पण तुमचा खरा प्रश्न तिथे नाही, तो "बिलं वाचायची!" या उद्गारचिन्हात आहे. वर्षानुवर्षं अभिवाचन करणाऱ्या बाईकडे दोन प्रकारची कमाई असते. एक सगळ्यांना दिसते: भूमिका, भावना, आवाजाची फेक. दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही. लांबलचक वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, तोंडाने ही ओळ म्हणताना डोळ्यांनी पुढची कशी टिपायची, शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळता कसं पोचवायचं, समोरच्याचं लक्ष सुटलं हे कपाळावरची आठी पाहून कसं ओळखायचं. ही कमाई तालमींतून झालेली आहे आणि ती सर्वसाधारण माणसाकडे नसते. माझं मत असं की लोकांच्या कामी येते ती बहुतेकदा ही दुसरी कमाई, आणि आपण मात्र पहिली घेऊन दारात उभे राहतो. गाणाऱ्याचा कान, चित्रकाराची नजर, विणणारीची न कंटाळण्याची सवय... मागणी यांना असते. २००७ साली गॅलक्सी झू नावाच्या प्रकल्पात खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिकांची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांची, छायाचित्रं लोकांसमोर ठेवली आणि आकारावरून त्यांची वर्गवारी करायला सांगितली. हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शिक्षिकेला एका छायाचित्रात एक विचित्र ढग दिसला आणि हे काय आहे, असं तिने विचारलं. अभ्यासकांनाही ती गोष्ट नवीन निघाली. आज ती तिच्याच नावाने ओळखली जाते. तिने केलं काय? लक्ष देऊन पाहिलं, आणि खटकलं ते विचारलं.

तेव्हा पत्र वाचून दाखवणं हे किती कसबी काम आहे ते बघा. मी जरा तपशिलात शिरते, कारण "त्यात काय, कुणीही वाचेल" असं तुम्ही मनातल्या मनात म्हणता आहात अशी मला दाट शंका आहे.

आजोबांच्या समोर बसा, आणि एक कान बरा असेल तर त्या बाजूला जरा झुकून. तोंडावर उजेड पडू द्या. ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं. आवाज चढवू नका. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात आणि ऐकणाऱ्याला आपल्यावर कुणी खेकसतंय असं वाटतं. पट्टी थोडी खाली घ्या, वेग कमी करा, शब्दांची टोकं स्वच्छ ठेवा. हे तुम्हाला सांगायला नको. हे सहज जमणारी माणसं थोडी असतात, आणि तुम्ही त्यातल्या आहात.

पत्र पहिल्या अक्षरापासून वाचायचं. कुणाकडून आलं, तारीख काय, वरचा मायना, सगळं. "मुलाचं आहे, बरा आहे म्हणतो" असा सारांश सांगायचा नाही. तो काढण्याचा हक्क ज्याचं पत्र त्याचा. आणि इथे तुमच्यातल्या नटीला सगळ्यात अवघड जाईल असं काम आहे: मजकुरातली बातमी तुमच्या डोळ्यांना आधी कळते, ती चेहऱ्यावर आणि आवाजात फुटू द्यायची नाही. मुलगा येणार नाही असं चौथ्या ओळीत लिहिलं असेल तर तिसरी ओळ दुसरीसारखीच वाचायची. आजोबांना त्यांचं दुःख स्वतःचं स्वतः होऊ द्यायचं. वाचून झालं की गप्प बसायचं. बहुतेक जण म्हणतात, "परत एकदा वाचा." तेव्हा अगदी तसंच परत वाचायचं, पहिल्या वेळी नसलेली गोडी त्यात घालायची नाही.

कागदपत्रांचं वेगळं. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच वाचा. अक्षर लागत नसेल तर "लागत नाही" म्हणा आणि परिचारिकेकडे द्या. अंदाज नको, सल्ला तर नकोच. पैशांचे कागद वाचताना आश्रमातलं कुणीतरी जवळ असू द्या. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवा, पण करा की नका करू हे सांगू नका. पिन, पासवर्ड, मोबाइलवर येणारा ओटीपी यांना हातही लावायचा नाही, आजींनी स्वतःहून फोन पुढे केला तरी. एवढी पथ्यं पाळणारा वाचक मिळावा म्हणून कितीतरी लोक वाट बघत असतात. 'बी माय आइज' हे ॲप २०१५ मध्ये याच गरजेतून निघालं. हान्स यॉर्गन वीबर्ग या स्वतः अधू दृष्टीच्या डॅनिश गृहस्थांची ती कल्पना. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि कुठल्या तरी अनोळखी स्वयंसेवकाला विचारते, या डब्यावरची तारीख काय, या शर्टाचा रंग कोणता. रोजच्या जगण्यात नड असते ती अशा फुटकळ वाटणाऱ्या वाचनाची.

भाचीची सूचनाही चांगली आहे. पण "अभिनय नको" यामागचं कारण समजून घेतलंत तर राग येणार नाही. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली, त्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक होते. प्रौढ वयात अंधत्व आलेल्यांना बोटांनी ब्रेल शिकणं जड जात होतं. तेव्हा ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर होती. आज ऐकणाऱ्याच्या हातात वेगाचं बटण आहे. सवयीचा अंध वाचक पुस्तक दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतो, आणि त्या वेगात तुमचे विराम, हुंदके, खालच्या आवाजातली वाक्यं यांचा पार लगदा होतो. शिवाय पुस्तक त्याला स्वतः वाचायचं असतं. खलनायकाचा आवाज कसा असेल हे डोळस वाचक मनात ठरवतो, तशी मुभा त्यालाही हवी. कथा-कादंबरीत थोडा रंग भरलेला अनेकांना आवडतो. अभ्यासाच्या पुस्तकात मात्र बिलकूल नको.

अभ्यासाची पुस्तकंच घ्या, असं मी म्हणेन. गोष्टी वाचायला खूप जण पुढे येतात. संख्याशास्त्राचं पुस्तक कोण वाचणार? त्यातला तक्ता वाचायचा तर आधी सांगावं लागतं की रकाने किती, ओळी किती; मग रकान्यांची शीर्षकं, मग एकेक ओळ. तळटीप आली की "तळटीप" म्हणून ती वाचायची आणि "तळटीप संपली" म्हणून मूळ वाक्यावर परत यायचं. पान उलटलं की पृष्ठक्रमांक सांगायचा, म्हणजे वर्गात शिक्षक "पान ४२ काढा" म्हणाले की त्या मुलालाही ते काढता येतं. पुस्तकात प्रकरण आणि पानागणिक उडी मारता यावी यासाठी डेझी नावाची एक खास पद्धत आहे. तिच्या मागची संस्था १९९६ पासून काम करते आहे. आकृती असेल तर तिचं वर्णन करायचं: नेमकं, थोडक्यात, आणि उत्तर न फोडता. "त्रिकोण आहे, तळाची बाजू आडवी, डावीकडचा कोन काटकोन" इथे थांबायचं. "म्हणजे पायथागोरस लागणार" हे विद्यार्थ्याने म्हणायचं.

घरी बसून काम करायचं असेल तर लिब्रीवॉक्स नावाचं संकेतस्थळ आहे, २००५ पासून. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात आणि ती सगळ्यांना मोफत ऐकायला मिळतात. आवाजाची चाचणी घेऊन निवड करत नाहीत, उच्चारांवरून कुणाला नाकारत नाहीत, आणि इंग्रजीशिवाय इतर भाषांतही वाचता येतं. पण तांत्रिक शिस्त आहे. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता, शेवटी पाच सेकंद, आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास. दुसरा स्वयंसेवक ते सगळं ऐकतो आणि कुठे शब्द गळला, कुठे ओळ दोनदा आली ते कळवतो. पहिल्यांदा असा शेरा आला की नाक मुरडाल, पण दिग्दर्शकाच्या नोट्स घ्यायची सवय तुम्हाला आहेच.

एक सावधगिरी. आवडलेलं पुस्तक उचललं, वाचलं आणि इंटरनेटवर टाकलं, असं करता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही स्वामित्वहक्क कुठे ५०, कुठे ६०, कुठे ७० वर्षं टिकतो. दृष्टिहीनांसाठी २०१३ च्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराने वाट काढली आहे, पण ती अधिकृत संस्थांमार्फत. म्हणून नवं पुस्तक वाचायचं तर अंधांसाठी ग्रंथालय चालवणाऱ्या एखाद्या संस्थेला आधी विचारा. तिथे कोणतं पुस्तक अडलंय हेही कळेल. परीक्षा जवळ आलेला कुणीतरी विद्यार्थी त्यासाठी खोळंबलेला असतो.

आता तुमच्या घरातल्या टीकाकाराकडे वळू. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रशस्तिपत्रक अचानक, न सांगता मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. टाळ्यांचंही तसंच असावं, असं मला वाटतं. मिळतील या आशेने गेलात तर वाचनातली मजा कमी होईल. न मागता मिळाल्या तर त्यांनी काही बिघडत नाही.

म्हणून यजमानांच्या म्हणण्यातलं अर्धं घ्या. अभिवाचन सोडू नका. जिथे ऐकायला लोक आवर्जून येतात तिथे, रंगमंचावर, हौसेने, सगळ्या हुंदक्यांसकट करा. त्याला सेवेचं लेबल लावण्याची गरज नाही. काही गोष्टी स्वतःसाठी असाव्यात, कुणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या. वृद्धाश्रमातलं वाचन निराळं ठेवा. सरमिसळ होईल या भीतीने ते टाळायचं मात्र कारण नाही.

आणि वेळ बांधून घ्या. नव्याने मोकळी झालेली माणसं उत्साहात आठवड्याचे चार दिवस देऊन बसतात आणि सहा महिन्यांत गायब होतात. त्याचा त्रास मागे राहिलेल्यांना होतो, कारण आजींनी पत्र तुमच्यासाठी उशाशी ठेवलेलं असतं. डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स नावाचा एक गट २००० सालापासून जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करतो. स्वयंसेवकाकडून त्यांची अपेक्षा असते ती दिवसाला एका पानाची. तुम्ही आठवड्यातली एक सकाळ द्या, दोन तास, आणि येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. "जमेल तशी येईन" असं म्हणू नका, त्यावर कुणालाच काही बेतता येत नाही.

गोष्टी वाचायची ओढ राहिलीच तर मोठ्या खोलीऐवजी चार जणांच्या खोलीत बसा, पंधरा मिनिटं, आणि काय वाचायचं ते त्यांना ठरवू द्या. कदाचित कालच्या वर्तमानपत्रातली क्रिकेटची बातमी निघेल. तीच वाचा.

या आठवड्यात व्यवस्थापकबाईंना फोन करा. लागलं होतं, म्हणून उत्तर दिलं नाही, हे सांगायलाही हरकत नाही. कुणाला वाचून हवंय, कोणत्या वेळी, आणि आधी त्या व्यक्तीची परवानगी कोण विचारणार, एवढ्या तीन गोष्टी ठरवून घ्या.

माइक मात्र आताच विकत घेऊ नका. ताई, तुमचा स्वभाव पत्रावरून जेवढा कळला, त्यावरून तुम्ही उद्याच दुकानात जाल. आधी मोबाइलवर पाच पानं वाचून बघा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसून. कपडे घुमणारा आवाज पिऊन टाकतात. पंखा बंद. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, नाहीतर प्रत्येक फ आणि भ ला फुंकर आदळेल. चुकलात की थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. नंतर स्क्रीनवर टाळीचा तो उंच सुळका लगेच सापडतो आणि तेवढाच भाग कापता येतो. पाच पानं झाली की ती भाचीला ऐकवा, दुप्पट वेगाने. प्रत्येक शब्द तिला लागला तर मग माइकचं बघू.